हक्कासाठी जपलेले कागद : वतनदार घराण्याचं दफ्तर कसं वाचावं?

१९ फेब्रुवारीला ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे शिवजयंती साजरी होते. ही तारीख आपल्याला मिळाली कुठून, असं वर्गात विचारलं तर बहुतेक जण सांगतात, बखरीतून. पण बखरींच्या परंपरेतून चालत आलेली मिती वेगळीच होती : शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ.स. १६२७. ती बदलायला भाग पाडलं एका देशमुख घराण्याच्या कागदांनी.

पुणे जिल्ह्यात, भोर तालुक्यात कारी नावाचं गाव आहे. (आपल्या धाराशिव तालुक्यातही एक कारी आहे, ही ती नव्हे.) तिथल्या जेध्यांकडे रोहिडखोऱ्याची देशमुखी होती. कान्होजी जेधे आधी शहाजीराजांच्या आणि पुढे शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले देशमुख. या घराण्याच्या दफ्तरात वतनाच्या कागदांबरोबर एक शकावलीही राहिली होती. इ.स. १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांची ती तारीखवार टिपणं. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांच्या जन्माची मिती आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. पुढे १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरला मिळालेलं परमानंदाचं 'शिवभारत' छापलं. त्यातही हीच मिती निघाली. राजस्थानात सापडलेल्या जन्मकुंडलीतही हीच.

म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राच्या कॅलेंडरातली एक तारीख एका जमीनदार घराण्याने आपलं दफ्तर टाकून दिलं नाही म्हणून नक्की झाली. आता संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा, की त्यांनी ते दफ्तर ठेवलं कशासाठी? इतिहासासाठी नक्कीच नाही.

'पेट' देऊन नोंदणीच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आजचा लेख याच प्रश्नावर आहे. मी मुळात विज्ञानाची विद्यार्थिनी. एम.एस्सी. झाल्यावर जुने दुष्काळ आणि पीकपद्धती हा विषय घेतला आणि आकडे शोधत शोधत मोडी कागदांपर्यंत पोचले. विज्ञानात आकडा समोर आला की आपण आधी विचारतो, नमुना कसा घेतला? जुन्या कागदाला हाच प्रश्न विचारायचा असतो. फक्त शब्द बदलतात : हा कागद कुणी, का जपला?

एका दफ्तरातले दोन कागद

जेध्यांच्याच दफ्तरात दुसरा एक प्रसिद्ध कागद आहे, जेधे करीना. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. वतन कसं मिळालं, कुणी काय चाकरी केली, कोणत्या प्रसंगी घराणं कुणाच्या बाजूने उभं राहिलं, हे त्यात सांगितलेलं असतं. १६५९ मध्ये अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी विजापूरच्या दरबाराने मावळातल्या देशमुखांना फर्मानं पाठवली. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी मात्र आपल्या मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. ही हकीकत आपण करीन्यातूनच ओळखतो.

आता शकावली आणि करीना शेजारी ठेवा. शकावली आहे कोरडी टिपणं : मिती, वार, घटना. करीना आहे दावा. त्याचं काम 'आम्ही निष्ठावंत आहोत, म्हणून वतन आमचं' हे पटवणं. म्हणून तो खोटा ठरतो असं नाही. पण त्यात काय ठळक असेल आणि काय वगळलेलं असेल याचा अंदाज आपल्याला आधीच बांधता येतो. विरोधी भाऊबंदांचा करीना मिळाला असता तर तोच प्रसंग वेगळा दिसला असता, हे डोक्यात ठेवूनच वाचायचं.

शकावलीची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते. मिती आणि वार दोन्ही दिलेले असले की गणित करता येतं. हे तुम्हीसुद्धा कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. सतराव्या शतकात ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन पंचांगात दहा दिवसांचा फरक होता, आणि १६३० लीप वर्ष नव्हतं. म्हणून आजच्या पंचांगाने ती तारीख येते १ मार्च १६३०. ग्रेगोरियन पंचांगात दर ४०० वर्षांनी वार जसेच्या तसे परत येतात. १ मार्च २००० ला बुधवार होता, म्हणजे १ मार्च १६०० लाही बुधवार. पुढच्या ३० वर्षांचे ३० वार आणि मधल्या ७ लीप वर्षांचे ७ वार, एकूण ३७. सातने भागून बाकी २. बुधवारच्या पुढे दोन, म्हणजे शुक्रवार. शकावलीतला वार जुळला.

जुळला म्हणून सगळं सिद्ध झालं का? नाही. पंचांग हाताशी असलेला कुणीही नंतर बसून वार बरोबर लिहू शकतो. वार जुळणं म्हणजे नकलेतली ढोबळ चूक नाही एवढंच. खरा आधार मिळतो तो तंजावर आणि राजस्थान अशा लांबच्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या ठिकाणी तीच मिती मिळण्याने. प्रयोगशाळेत आपण निरीक्षण पुन्हा स्वतंत्रपणे घेतो, तसंच हे.

वतन आणि कागदांचा डोंगर

वतन म्हणजे फक्त जमीन नव्हे. वतन म्हणजे काम, त्या कामाबद्दलचा वंशपरंपरागत हक्क आणि त्याबरोबर येणारा मान. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, गावात पाटील आणि कुलकर्णी. देशमुख-पाटलाने वसुलीची आणि बंदोबस्ताची जबाबदारी घ्यायची, देशपांडे-कुलकर्ण्याने लिहायचं. बदल्यात वसुलीतला ठरलेला वाटा, इनाम जमीन, बलुतेदारांकडून मिळणाऱ्या वस्तू. शिवाय पोळ्याचा बैल कुणाचा आधी, होळीची पहिली पोळी कुणाची, हेसुद्धा. या मानपानावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली आणि त्यांचे कागद झाले. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) अजून वाचलं नसेल तर आधी ते वाचा. वतनी गावाचं यंत्र कसं चालायचं ते त्यात कळतं.

वतन विकता यायचं, वाटून घेता यायचं, गहाण टाकता यायचं आणि राजाने काढून घेतलं तर परतही मागता यायचं. प्रत्येक वेळी पुरावा लागायचा. म्हणून या घराण्यांच्या दफ्तरात साधारण असे कागद मिळतात : राजाची सनद किंवा फर्मान, खरेदीखत, वाटणीपत्र, तंट्यात दिलेली तकरीर, गोतसभेने बसून केलेला महजर आणि निवाडपत्र. याशिवाय कारभाराचे कागद असतात. लावणीचे, जमाबंदीचे, गावखर्चाचे, वर्षअखेरच्या झडतीचे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. राज्य बदललं, घरातला कर्ता गेला किंवा भाऊबंदांत तंटा लागला, की कागद वाढतात. सगळं सुरळीत असलं की कागद कमी. त्यामुळे 'या दशकात कागद भरपूर, म्हणून गाव भरभराटीला आलं होतं' असा निष्कर्ष काढायला जाऊ नका. कदाचित ते दशक भाऊबंदकीचं असेल.

आपल्याकडच्या दफ्तराचे थर

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास म्हणजे बदलत्या मालकांचा इतिहास. परंडा निजामशाहीचा किल्ला. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही काळ इथूनच चालवला. नळदुर्ग आदिलशाहीचा. मग मोगल आले आणि १७२४ नंतर निजाम. त्यातही मराठ्यांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क असल्याने बऱ्याच भागात दुअमली चालायची, म्हणजे एकाच गावातून दोन सरकारांची वसुली. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा कंपनी सरकारकडे गेला. तिथला कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे मेडोज टेलर, तुळजापूर परिसराची पार्श्वभूमी असलेल्या 'तारा' कादंबरीचा लेखक. १८६० मध्ये हा मुलूख परत निजामाकडे आला. १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून धाराशिवला हललं. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून आलेलं भारतीय सैन्य पहिल्यांदा नळदुर्गलाच भिडलं.

राज्यं बदलत गेली, पण गावात वसूल कुणीतरी करायचाच होता. म्हणून वतनदार टिकले. प्रत्येक नव्या सरकारपुढे जुनी सनद नेऊन ती पुन्हा करून घ्यायची ही त्यांची रीत. परिणाम असा, की एखाद्या जुन्या वाड्यातलं गाठोडं सोडलं तर त्यात फारसी सनद, मोडीतले गावकागद आणि उर्दू हुकूम एकत्र निघू शकतात. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू आली. म्हणजे एका घराचं दफ्तर पूर्ण वाचायला तीन जाणकार लागतात. संशोधनाचा आराखडा लिहिताना हा वेळ धरा.

आणखी एक. हैदराबाद संस्थानातला सगळा मुलूख एका हिशोबात नव्हता. ढोबळमानाने ६० टक्के दिवाणी, ३० टक्के जहागिरी आणि १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाचा खासगी मुलूख. तुमचं गाव यांपैकी कशात होतं हे आधी शोधा, कारण कागद कुठे असतील ते त्यावर ठरतं. घरातलं दफ्तर हे एक ठिकाण. हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार हे दुसरं. छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार तिसरं. आणि दुअमलीमुळे पुण्याचं पेशवे दफ्तर चौथं. तिथल्या निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले ४५ खंड छापलेले आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करता येते.

कागद हातात आल्यावर

मजकूर वाचायच्या आधी कागद बघायचा. मी प्रत्येक कागदाला पाच प्रश्न विचारते.

१. हा अस्सल की नक्कल? जुन्या कागदांत नकलेला 'तालीक' म्हणतात. अस्सल लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असतो आणि मागे जोडावर शिक्का असतो, म्हणजे मधला तुकडा कुणी बदलू नये. शेवटी 'मोर्तब सुद' आणि मोर्तबाचा शिक्का असतो. इथे मजकूर संपला, याखाली कुणी काही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. अशा तजविजी होत्या यावरूनच कळतं की बनावट कागद तेव्हाही भरपूर निघायचे.

२. कुणी कुणाला लिहिला? मायना नीट वाचा. सरकारने वतनदाराला, वतनदाराने सरकारला की गावाने गावाला, यावर मजकुराचा सूर ठरतो.

३. कधीचा? याबद्दल पुढे सविस्तर.

४. कशासाठी जपला? याने कोणता हक्क सिद्ध होत होता?

५. यात कोण आहे आणि कोण नाही?

चौथा प्रश्न सगळ्यात उपयोगी. उदाहरण देते. पाटीलकीच्या काही खरेदीखतांत असं कारण लिहिलेलं असतं की दुष्काळ पडला, पोट भरेना, म्हणून पाटीलकीचा अमुक हिस्सा विकला. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळाच्या अभ्यासाला अशी खतं फार मोलाची. पण हे खत जपलं कुणी? विकत घेणाऱ्याने. त्याला दाखवायचं होतं की विक्री राजीखुशीने आणि रास्त कारणाने झाली, जबरदस्तीने नाही. म्हणून 'दुष्काळ' हा शब्द हवामानाची नोंद आहे तसाच कायदेशीर आधारही आहे. एका खतावरून दुष्काळ मांडू नका. त्याच वर्षाची, शेजारच्या गावांची, वेगळ्या प्रकारची कागदपत्रं तेच सांगतात का ते बघा. विशेषतः कौलनामे शोधा. ओस पडलेली जमीन पुन्हा लागवडीला आणायची तर पहिल्या वर्षी कमी आणि दर वर्षी वाढत जाणारा सारा ठरवायचे, त्याला इस्तावा म्हणत. जिथे इस्ताव्याचे कौल दिसतात तिथे आधी माणसं उठून गेलेली असणार.

तारीख आणि मापं : इथे घाई नको

जुन्या कागदात इसवी सन नसतो. शालिवाहन शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. 'सीत मया व अलफ' म्हणजे सहा, शंभर आणि हजार : ११०६. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवून १७०५ आणि जानेवारीनंतर ६०० मिळवून १७०६.

निजामी कागदांत फसली असते. तिला ५९० किंवा ५९१ मिळवायचे. हैदराबादच्या नंतरच्या काळातल्या सरकारी फसलीचं वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं. फसली १३०९ म्हणजे ऑक्टोबर १८९९ ते ऑक्टोबर १९००. लोकांच्या आठवणीतल्या छप्पन्नच्या दुष्काळाचं हे वर्ष. आता गंमत बघा. त्या दुष्काळात न पडलेला पाऊस जून ते सप्टेंबर १८९९ चा, म्हणजे फसली १३०८ चा. त्याचा फटका दिसतो तो १३०९ च्या हिशोबात. पावसाचे आकडे आणि साऱ्याचे आकडे नुसता फसली सन बघून शेजारी मांडले तर तुमचा आलेख एका वर्षाने सरकतो, आणि मार्गदर्शकांच्या लक्षात आलं नाही तर प्रबंधात तसाच छापला जातो.

मापांचंही तेच. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चाहूर. कोष्टक सोपं आहे, पण काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. धान्याची खंडी २० मणांची, पण मण गावोगाव वेगळा. म्हणून एकरात किंवा किलोत रूपांतर करण्याआधी एकाच गावाचे आकडे एकमेकांशी ताडून बघावेत. 'गेल्या वर्षीपेक्षा निम्मं' हे विधान मण किती शेरांचा होता हे न कळताही भक्कम राहतं.

इंग्लंडमधलं एक घराणं

जमीनदार घराण्याच्या कागदांतून थेट विज्ञान कसं निघतं याचं एक उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. नॉर्फोक परगण्यातल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस इथे रॉबर्ट मार्शम नावाचा जमीनदार होता. त्याला झाडं लावण्याचा नाद. १७३६ पासून त्याने वसंताच्या खुणा लिहून ठेवायला सुरुवात केली. कोणत्या झाडाला पहिलं पान कधी फुटलं, पहिलं फूल कधी आलं, पाकोळी पहिल्यांदा कधी दिसली, बेडूक कधी ओरडला. अशा २७ खुणा. त्याच्यानंतर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी मधल्या थोड्या खंडांसह ही वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. १९९५ मध्ये स्पार्क्स आणि केरी या संशोधकांनी या नोंदी तापमानाच्या आकड्यांशी जोडल्या आणि दोन शतकांत वनस्पतींनी तापमानाला कसा प्रतिसाद दिला हे मांडलं. हवामानबदलावर काम करणाऱ्यांना मार्शम हे नाव आज माहीत असतं.

दुसरं उदाहरण घराण्याचं नाही, पण इस्टेटीचंच. विंचेस्टरच्या बिशपच्या जमिनींचे तेराव्या शतकापासूनचे जमाखर्च शिल्लक आहेत. जे. झेड. टिटो या अभ्यासकाने त्यातले खर्चाचे आणि तुटीचे खुलासे वाचले. उन्हाळा कोरडा गेला, पाऊस फार झाला, असे कारभाऱ्याने दिलेले खुलासे. त्यातून त्याने १२०९ ते १३५० मधल्या हवामानाचा आराखडा उभा केला. आपल्या जमाबंदीच्या कागदांतही 'वजा' टाकलेल्या रकमेपुढे कारण लिहिलेलं असतं. तीच जागा, तोच प्रकार. आणि धोकाही तोच, कारण कमी भरायचं असलं की पाऊस नेहमीच कमी पडतो!

मार्शमची वही आणि वतनाचे कागद यांतला फरक इथे उठून दिसतो. मार्शमच्या वहीने कुणाचाही हक्क सिद्ध होत नव्हता. म्हणून ती दर वर्षी, काही घडो न घडो, सारखीच भरली गेली. आपल्याला दर वर्षीचे आकडे हवे असतील तर सनदांपेक्षा गावखर्चाच्या आणि लावणीच्या रटाळ कागदांकडे जावं लागेल. नेमके हेच कागद घरात आधी फेकले जातात. सनद चौकटीत बसवून भिंतीवर लागते, जमाखर्च माळ्यावर वाळवीच्या वाट्याला.

दफ्तरात कोण दिसत नाही

वतनदाराच्या दफ्तरात गाव दिसतं, पण वतनदाराच्या खिडकीतून. कूळ दिसतं ते बाकी राहिली तर. स्त्री दिसते ती विधवा झाली, दत्तक घेतलं किंवा हिश्शाचा तंटा लागला तर. बलुतेदार दिसतात ते महजराच्या शेवटी. तिथे हजर असलेल्यांची नावं असतात आणि लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, शेटे-महाजनाचा तराजू. शिवेचा तंटा असेल तर महाराची साक्ष निर्णायक, कारण गावाची शीव तोच जाणायचा. म्हणून महजर वाचताना घाईने निकालावर जाऊ नका. शेवटची यादी उतरवून घ्या. काही माणसांचं नाव लिखित स्वरूपात उरलेली ती एकच जागा असते.

आणि वतन हा शब्द सगळ्यांसाठी सारखा नव्हता. देशमुखासाठी वतन म्हणजे सत्ता. महार-मांगांसाठी वतन म्हणजे दिवसरात्र कधीही बोलावलं तर करावी लागणारी चाकरी आणि बदल्यात तुटपुंजी जमीन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळे इथे, फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद झाली. एकाच परगण्यातलं देशमुखाचं दफ्तर आणि या परिषदेचा वृत्तांत शेजारी ठेवून वाचले तर 'वतन' या एका शब्दाचे दोन अर्थ समोर येतात. असा विषय कुणी घेतला तर मला वाचायला आवडेल.

कागद का नाहीसे होतात

ज्या कारणासाठी कागद जपला ते कारण संपलं की कागदही संपतो. १५ ऑगस्ट १९४९ ला हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी खालसा करण्याचा हुकूम निघाला. १९५० चा कूळ कायदा आला, त्यानंतर इनामं गेली, १ जानेवारी १९६३ पासून पाटीलकीही गेली. ज्या सनदेसाठी आजोबांनी भावाशी बोलणं टाकलं होतं ती नातवाच्या दृष्टीने न वाचता येणारा कागद झाली. मोडी शाळेतून गेली होतीच. उरला तो मुंतखब किंवा १९५४-५५ चं खासरा पत्रक. जमिनीच्या दाव्यात अजून चालतं, म्हणून.

इंग्लंडमध्येही असाच प्रसंग आला होता. १ जानेवारी १९२६ पासून तिथली जुनी मॅनरची जमीनधारणा कायद्याने संपली आणि मॅनरच्या दफ्तरांचं रोजचं काम सुटलं. पण त्याच कायद्यात त्यांनी हे कागद सांभाळण्याची तरतूद केली. कुठे काय आहे याची नोंदवही केली, परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास मनाई केली. परगण्याची अभिलेखागारं वाढत होती, पहिलं १९१३ मध्ये बेडफर्डशरमध्ये सुरू झालं होतं. घरं विकली गेली तरी कागद ठेवायला जागा मिळाली. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं परदेशी नेता येत नाहीत. पण गावातल्या रद्दीवाल्याकडे किलोवर घालायला कुणाची आडकाठी नाही.

अलीकडे चित्र थोडं बदललं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. आरक्षणाच्या वादात मी इथे जात नाही. संशोधक म्हणून एवढंच नोंदवते की जुन्या कागदाला पुन्हा हक्काचं मोल आलं. मोल आलं की लोक कागद शोधतात आणि सांभाळतात, हा फायदा. मोल आलं की लोक कागद लपवतात आणि बनवतातही, हा धोका. वर सांगितलेले पाच प्रश्न आता जास्तच गरजेचे झालेत.

वाड्यावर जायच्या आधी

कागद घरच्यांचे आहेत, आपण पाहुणे. पहिल्या भेटीत मागू नका. बसा, चहा घ्या, आजोबा-आजींचं ऐका. जमिनीचा दावा चालू असेल तर घरच्यांना तुमची भीती वाटणं साहजिक आहे. कशासाठी आलात, काय छापणार, काय नाही, हे स्पष्ट सांगा आणि तसंच वागा. कागद कधीही घरी घेऊन येऊ नका. तिथेच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. पाठीमागची बाजूही घ्या, शिक्के तिथे असतात. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. टिपणं पेन्सिलीने घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, रुमालात कागद ज्या क्रमाने बांधलेले असतील त्याच क्रमाने परत बांधा. तारीखवार लावायचा मोह होतो. पण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी ठेवला होता यावरूनच कळतं की तो कोणत्या तंट्यात पुरावा म्हणून काढला होता. तो क्रम मोडला की चौथ्या प्रश्नाचं उत्तर कायमचं गेलं. फोटोंचा एक संच पेन ड्राइव्हवर घालून घरच्यांना द्या, आणि कशात काय लिहिलं आहे ते दोन ओळींत मराठीत लिहून द्या. बऱ्याच घरांत आपल्याकडच्या कागदात काय आहे हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगत असतं.

वाडा ओळखीचा नसेल तरी अडत नाही. आपल्या घराचा सातबारा घ्या, त्यावरून फेरफार काढा, फेरफारावरून तहसीलमधलं खासरा पत्रक गाठा, आणि त्यामागे इनाम असेल तर मुंतखब. चार-पाच कागद होतील. प्रत्येकाला ते पाच प्रश्न विचारून एकेक पान लिहा. मोडीचा वर्ग लावायच्या आधी एवढं झालं तरी पुरे.